कंपायलरने गाळलेला प्रश्न

पंप थांबला नाही. थांबायला हवा होता, तरी थांबला नाही, आणि वर पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘सर्व ठीक’ असं लिहून मोकळा झाला.

टेस्टिंगचा माणूस हातात उपटलेली वायर घेऊन टेबलापाशी उभा होता. त्याचं कामच ते. चालत्या यंत्राच्या वायरी उपटायच्या, बॅटरी काढायची, नळीला गाठ मारायची. ऑफिसात सगळे त्याला खोडकर म्हणत आणि ते ऐकून त्याच्या अंगावर मूठभर मांस चढे. आत्ता त्याच्या हातात होती ती बुडबुड्याच्या सेन्सरची वायर. हा पंप दवाखान्यात रोग्याच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडतो. औषधाबरोबर हवेचा बुडबुडा आत गेला तर जिवावर बेततं, म्हणून हा सेन्सर डोळ्यांत तेल घालून नळीकडे बघत असतो. सेन्सर जागेवर नसेल तर पंपाने एक थेंबही पुढे ढकलायचा नाही, हा पहिला नियम. आणि इथे सेन्सरची वायर खोडकरच्या हातात लोंबतेय आणि पंप आपला टुकटुक चाललाय!

“कर्नेलबाई, हे तुमचं,” खोडकर म्हणाला.

“माझं कशावरून? दिसली बाई की टाक तिच्या गळ्यात.”

“अहो, वरचं सॉफ्टवेअर तुमच्या कर्नेललाच विचारतं ना, सेन्सर आहे का म्हणून? कर्नेल सांगतंय, आहे, झकास आहे. मग पंप बिचारा काय करणार?”

खोडकरचं म्हणणं खरं होतं. यंत्रातल्या सगळ्या सॉफ्टवेअरच्या तळाशी कर्नेल बसलेलं असतं. कुठली वायर कुणाची, कुणाची पाळी आधी, कुणाला किती जागा द्यायची, हा सगळा कारभार ते बघतं. पंपाचं कर्नेल हिने लिहिलं होतं. विकत आणून वरून रंग दिलेलं नव्हे, पहिल्या ओळीपासून स्वतः लिहिलेलं. तिच्या हाताखालचे तिघे आता त्याची देखभाल करत, पण ऑफिसात नाव पडलं ते तिलाच, कर्नेलबाई. आणि त्या नावाचा तिला अभिमान होता, का नसावा?

तर एवढ्या वर्षांत न झालेली गोष्ट आत्ताच का झाली? कारण नवी चिप. कंपनी स्वतःच्या चिपा बनवते, आणि नवी चिप जुनीपेक्षा स्वस्त, पण मंदही. जुन्या चिपवर कर्नेल जसं लिहिलं तसंच्या तसं चालायचं. नवीवर तसं चालवलं की पंपाची बटणं दाबल्यावर माणसाला जांभई येईपर्यंत काही घडत नाही. म्हणून साहेबांनी फर्मान काढलं, ऑप्टिमायझेशन चालू करा. म्हणजे माणसाने लिहिलेल्या कोडचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा जो कंपायलर असतो, त्याला मोकळीक द्यायची, बाबा रे, यातलं जे फालतू वाटेल ते गाळ, उलटसुलट कर, पण पळव. या मोकळिकीच्या पायऱ्या असतात. ओ-शून्य म्हणजे कशालाही हात लावू नकोस. ओ-टू म्हणजे चांगलाच हात मार.

“सोमवारी मला निर्णय घ्यायचाय,” साहेबांनी सांगितलं होतं. “ओ-टूवर तुमचं कर्नेल सरळ चाललं तर ठीक. नाहीतर बाहेरचं तयार कर्नेल घेऊन टाकू. तुमच्या टीमला मी दुसरीकडे सामावून घेईन, काळजी करू नका.”

काळजी करू नका म्हणे! सामावून घेणं म्हणजे काय ते तिला माहीत होतं. वर्षानुवर्षं स्वयंपाकघर चालवलेल्या बाईला दुसऱ्याच्या घरी लसूण सोलायला बसवणं.

आणि खोडकरने वायर उपटली ती त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी.

पुढचे दोन दिवस तिचं डोकं नुसतं फिरत होतं. दोष शोधायचा तर कर्नेल हळूहळू, एकेक पाऊल चालवून बघावं लागतं, आणि तसं बघायला ओ-शून्यच लावावं लागतं. ओ-शून्य लावलं की हे बेटं अगदी शहाण्यासारखं वागायचं. सेन्सर काढा, पंप थांबतोय. सेन्सर लावा, पंप चालतोय. ओ-टू लावून नुसतं सोडून द्या, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पाहुण्यांसमोर हात जोडून नमस्कार करणारं आणि पाहुणे गेले की भिंतीवर रेघोट्या ओढणारं पोर असतं ना, तसला प्रकार. तिने टेबलावर मूठ आपटली. शेजारच्याने दचकून हेडफोन काढले आणि पुन्हा लावले.

“कंपायलरचाच घोळ असणार,” टीममधला एकजण म्हणाला.

“गप रे. नाचता येईना अंगण वाकडं,” ती खेकसली. पण मनात तिलाही तेच वाटत होतं. पण ते बोलून दाखवायची तिची तयारी नव्हती, कारण कंपायलर तिच्या नवऱ्याचा होता.

हो, नवऱ्याचा. कंपनीचा कंपायलर वरच्या मजल्यावर बनतो आणि तिथल्या टीममध्ये त्याचा शब्द शेवटचा. भाषेचं नियमपुस्तक त्याला तोंडपाठ. कुणी तक्रार घेऊन गेलं की तो शांतपणे कलम सांगतो आणि तक्रार करणाराच आरोपी ठरून खाली येतो. म्हणून त्याला ऑफिसात न्यायाधीश म्हणत. या महिन्यात तो त्या विभागाचा प्रमुख होणार असं जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. दोघं एकाच गाडीतून ऑफिसला यायची, एकाच गाडीतून परत जायची, पण ऑफिसची पायरी चढली की एकमेकांना अहो-जाहो करायची. आणि घरात नियम होता की जेवणाच्या टेबलावर ओ-टूचं नाव काढायचं नाही. तो नियम त्यांच्या मुलीने केला होता. “तुम्ही दोघं बोलायला लागलात की मला वाटतं मी कोर्टात जेवतेय,” असं ती एकदा वैतागून म्हणाली होती, आणि तिचं काही चुकलं नव्हतं.

शनिवारी दुपारी कर्नेलबाईने शेवटचा उपाय केला. कंपायलरने जे यंत्रभाषेतलं भाषांतर केलं होतं तेच उघडलं आणि ओळ न् ओळ तिच्या मूळ कोडशी ताडून बघायला बसली. आंधळ्या माणसाने गहू निवडावेत तसं ते काम. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा कुठे ती जागा सापडली.

तिच्या कोडमध्ये तिथे एक प्रश्न होता. सेन्सरचा पत्ता, म्हणजे त्याची माहिती मेमरीत कुठे आहे ती नोंद, रिकामा आहे का? रिकामा असेल तर सेन्सर जोडलेला नाही, पंप थांबव. तिनेच लिहिलेला, तिला आठवत होता. आणि भाषांतरात त्या जागी काय होतं? काही नव्हतं. वरची ओळ होती, खालची ओळ होती आणि मधला प्रश्नच गायब. कंपायलरने तो गाळून टाकला होता. पत्ता रिकामा असला तरी या चिपमध्ये तिथे जुनापुराणा कचरा पडलेला असतो, तो वाचून कर्नेल खुशाल सांगत होतं, सेन्सर आहे, झकास आहे.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने पुन्हा वर बघितलं, आणि आपली चूकही तिला दिसली. प्रश्नाच्या आधीच्या ओळीत, अगदी एकच ओळ आधी, तिने त्याच पत्त्यावर जाऊन सेन्सरचा प्रकार वाचला होता. म्हणजे आधी घरात शिरायचं, पाणी प्यायचं, आणि मग विचारायचं, इथे घर आहे का हो? दहाएक वर्षांपूर्वी घाईत लिहिलेली ओळ. ओ-शून्यवर ती कधीच नडली नाही.

ठीक आहे, चूक झाली. पण अशा चुका होतात हे कर्नेल लिहिणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तर तो फ्लॅग असतो! कंपायलरला हुकूम देताना त्याच्यापुढे जोडायची एक खूण. तिचा अर्थ एवढाच, की बाबा, रिकाम्या पत्त्याचे प्रश्न तुला कितीही फालतू वाटले तरी गाळू नकोस. हा फ्लॅग तिच्या हुकमात पहिल्या दिवसापासून होता. तिने पुन्हा बघितलं. होता. ठसठशीत होता. मग?

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने नवऱ्याला दिवाणखान्यात गाठलं. सासूबाई खिडकीपाशी नातीच्या दप्तराचा तुटलेला पट्टा शिवत बसल्या होत्या. मुलगी आत होती.

“टेबल आवरलंय,” तिने आधीच सांगितलं. “आता मी ओ-टू म्हणू शकते.”

“म्हण.” त्याने पेपर खाली ठेवला.

“तुझ्या कंपायलरने माझा प्रश्न गाळलाय.”

तिने लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने वाचलं, आणि वाचता वाचता त्याचा चेहरा न्यायाधीशाचा झाला. “बरोबर गाळलाय,” तो म्हणाला. “रिकाम्या पत्त्यावर जाणं नियमात बसत नाही. जे नियमात बसत नाही ते तू करणारच नाहीस असं कंपायलर धरून चालतो. तू वरच्या ओळीत त्या पत्त्यावर जाऊन आलीस. म्हणजे तो रिकामा नाही. मग रिकामा आहे का हे पुन्हा विचारायचं कशाला?”

“नियम मला शिकवू नकोस. माझी ओळ चुकली, मान्य. पण मी फ्लॅग लावलाय. तो बघ. दिसतोय ना?”

त्याने बघितलं. आणि मग तो बोलायचाच थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात ती एवढं शिकली होती की हा माणूस बरोबर असतो तेव्हा बोलत राहतो.

“काय झालं?”

“तो फ्लॅग आता काही करत नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“नव्या चिपच्या कंपायलरमधून ते काम आम्ही काढून टाकलं. फार किचकट झालं होतं आतून.”

“अरे, मग कंपायलरने बोंब मारायला नको? असला फ्लॅग मला कळत नाही म्हणून? मी एक अक्षर चुकवलं तर आकाशपाताळ एक करतो तो!”

“जुन्या लोकांचे ठरलेले हुकूम अडकू नयेत म्हणून तो गुपचूप घेतो.” त्याने चष्मा काढून पुसला. “घेतो आणि सोडून देतो.”

तिला आधी हसूच आलं, संतापाचं. घेतो आणि सोडून देतो! आपण रोज सकाळी त्याच्या हातात कुलूप देतोय, तो हो हो म्हणतोय, आणि कुलूप खिशात टाकून दार सताड उघडं ठेवून निघून जातोय.

“आणि हे मला सांगावंसं नाही वाटलं तुला?”

“तू म्हणाली होतीस त्या सगळ्या ओळी नीट करून फ्लॅग काढून टाकते म्हणून.”

“मी? कधी?”

“आपण या घरात राहायला आलो तेव्हा. खोकी उघडत होतो आपण.”

तिला आठवलं. खरंच म्हणाली होती. ‘करते रे, काढते एकदा,’ असं काहीतरी. खोकी उघडताना माणूस काय वाटेल ते बोलतो. “त्याला किती वर्षं झाली! आणि मी केलं का नाही हे एकदा तरी विचारायचंस!”

“तू म्हणालीस म्हणजे करशीलच असं मी धरून चाललो.”

“तू धरून चालतोस! सगळं धरून चालतोस! तुझ्या आत्याचे सगळे लोक आठ दिवस येऊन राहिले, मला चालेल असं धरून चाललास. मला काय हवं, काय नको, शेवटचं कधी विचारलं होतंस, सांग बघू!”

“आता आत्याचा इथे काय संबंध?”

“आहे संबंध!”

सासूबाईंनी दात लावून दोरा तोडला. “अरे, एका गाडीतून जाता, एका गाडीतून येता. रोज तासभर शेजारी बसता,” त्या म्हणाल्या. “तेव्हा विचारायला काय पैसे पडत होते का रे? आणि तू गं सूनबाई, म्हणतेस ते करायचं नसेल तर म्हणू नये.”

आईंचं कंपायलरशी देणंघेणं नव्हतं, त्यांना फक्त गाडी माहीत होती.

जरा वेळाने तोच उठून तिच्या शेजारी येऊन बसला. “हे बघ, फ्लॅग पुन्हा जिवंत करणं एका दिवसाचं काम आहे. तो चालू झाला की तुझं कर्नेल ओ-टूवर आहे तसं चालेल. उद्या मीटिंगमध्ये मी सांगतो साहेबांना, फ्लॅग आम्ही मुका केला आणि कुणाला सांगितलं नाही. मीच सांगतो.”

“नक्की?”

“अगं, नक्की.”

तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच बरं वाटलं. संध्याकाळी तिने ती ओळ दुरुस्त केली, आणखी दोन तसल्याच ओळी सापडल्या त्याही केल्या, आणि नवऱ्याला आवडतं म्हणून आल्याचा चहा दोनदा केला.

सोमवारी मीटिंगच्या खोलीत तिघंच होती. साहेब, ती आणि समोरच्या बाजूला न्यायाधीश. साहेबांसमोर बाहेरच्या कर्नेलवाल्यांचं रंगीत पुस्तक पडलं होतं, त्यावर एका हसऱ्या डॉक्टरचा फोटो.

“मला बारीकसारीक नको,” साहेब म्हणाले. “एकच सांगा. सेन्सर काढल्यावर पंप चालू राहिला, हा दोष कर्नेलचा का कंपायलरचा?”

त्यांनी न्यायाधीशाकडे बघितलं. सगळेच अशा वेळी त्याच्याकडे बघत.

“भाषेच्या नियमाप्रमाणे,” तो म्हणाला, “कर्नेलच्या कोडमध्ये नियमभंग आहे. कंपायलरचं वागणं नियमाला धरून आहे.”

हे खरंच होतं. आता पुढचं बोलेल म्हणून ती थांबली. त्याने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. पुढचं येईना.

तिला वाटलं, बिचाऱ्याला सुरुवात जड जात असेल. आपण आपलं अर्धं आधी ओतलं तर त्याला सोपं होईल. “साहेब, माझी ओळ चुकली होती, हे मी आधीच सांगते,” ती म्हणाली. “पत्ता आधी वापरला आणि मग तपासला. तशा तीन जागा होत्या, तिन्ही काल दुरुस्त केल्या. अशा चुकांसाठी एक संरक्षण असतं, ते आम्ही लावलेलंच होतं. ते का लागू झालं नाही, ते कंपायलर टीम सांगेल.”

तिने नवऱ्याकडे बघितलं. यापेक्षा सरळ ताट वाढून कुणी देत नाही.

“काय हो?” साहेबांनी विचारलं. “तुम्हाला आणखी काही सांगायचंय?”

न्यायाधीशाने टेबलाच्या लाकडाकडे बघितलं. “नाही,” तो म्हणाला. “मॅडमनी सगळं सांगितलंच आहे.”

मॅडमनी सगळं सांगितलंच आहे! तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता तो, आणि ती सोडली तर ही असली! ओरडून सांगावं, याच्या दंडाला धरून हलवावं, असं तिला वाटलं. पण घरचं भांडण साहेबांच्या टेबलावर आणायचं नाही ही सवय इतकी मुरलेली की जीभ उचलेना. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

“म्हणजे आज तीन जागा सापडल्या,” साहेब म्हणाले. “उद्या चौथी दवाखान्यात सापडायची. नको. बाई, तुमचं काम मी मानतो, पण कर्नेल बाहेरचं घेऊ या.” ते खरंच वाईट वाटल्यासारखं बोलले. “तुमच्या लोकांशी मी स्वतः बोलतो.” आणि त्यांनी हसऱ्या डॉक्टरचं पुस्तक आपल्याकडे ओढून घेतलं.

झालं. एवढ्यात संपलं.

ती बाहेर आली. पॅसेजमध्ये पाण्याच्या मशीनपाशी उभी राहिली आणि ग्लास भरला, पण प्यायला सुचेना. खाली टीममधले तिघे तिच्या निरोपाची वाट बघत बसले असतील. त्यांना काय सांगायचं? की सत्य बोलले म्हणून कर्नेल गेलं? नवरा पाठोपाठ आला.

“रागावलीस?” ऑफिसात तिला अगंतुगं करायची त्याची ही पहिलीच वेळ.

“तू काल काय म्हणाला होतास?”

“अगं, मी सांगणारच होतो.” त्याचा आवाज अगदी प्रामाणिक होता. “पण तू आधीच चूक मान्य केलीस. तेवढ्यात उत्तर झालंच होतं ना. मग वाटलं, आता माझं सांगून काय फरक पडणार? उगाच दोघांचंही नुकसान.”

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हा माणूस थापा मारत नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटलं होतं. एकाने आधी सांगून टाकलं, म्हणजे दुसऱ्याचं सांगणं फालतू, गाळून टाका. थापा मारल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

“आणि एका अर्थी बरंच झालं,” तो तिची समजूत घालत म्हणाला. “तो फ्लॅग तुझी टीमच तेवढी वापरत होती. तुमचं कर्नेल गेलं म्हणजे तो वापरणारंच कुणी उरलं नाही. विषय संपला.”

“आम्हीच तेवढे? कशावरून?”

“म्हणजे... तुम्हीच. दुसरं कोण वापरणार?”

“तू विचारलंस कुणाला?”

त्याने नकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात तिला आठवलं. शेजारच्या इमारतीत श्वासाचं यंत्र बनवणारे लोक होते. त्यांचं कर्नेल वेगळं, पण कंपायलर हाच, नवी चिप हीच. आणि कंपायलरला द्यायचे हुकूम? ते त्यांनी हिच्याकडून नेले होते. त्यांची मुख्य बाई स्वतः येऊन घेऊन गेली होती, ‘तुमचं सगळं व्यवस्थित असतं, आम्ही तसंच उचलतो,’ म्हणून. फ्लॅगसकट. त्यांचं यंत्र तर चाचण्या संपवून दवाखान्यांच्या वाटेला लागलं होतं. तिथेही कुणीतरी रोज सकाळी कुलूप देत असणार आणि कंपायलर हो हो म्हणत असणार.

“श्वासयंत्रवाले वापरतात,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. “तुला नक्की माहीत आहे?”

“मीच दिलाय त्यांना.”

“बरं. बरं, थांब जरा. मी आज संध्याकाळपर्यंत फ्लॅग दुरुस्त करून टाकतो. नवी आवृत्ती सगळ्यांना पाठवतो. कुणाला कळायचं कारणच नाही.”

“आणि जी यंत्रं आधीच बांधून झालीयेत ती?”

“त्यांच्या कोडमध्ये तशा चुका असतीलच असं थोडंच आहे? चांगले लोक आहेत ते. आपण धरून चालायला हरकत नाही की—”

त्याने वाक्य अर्धवट सोडलं. बहुधा स्वतःचं ऐकू आलं असावं.

तिने ग्लास मशीनवर ठेवला. तिला त्याची कीव आली, रागही आला, आणि त्याच्या प्रमुखपदाचं काय होणार हेही लख्ख दिसलं. मुलीची फी, आईंची औषधं, दोघांच्या पगारावर चाललेलं घर, सगळं दिसलं. कर्नेल परत मिळणार नाही हेही दिसलं. साहेब एकदा पुस्तक ओढून घेतात ते परत ठेवत नाहीत. मग आता यात आपला फायदा काय, तर काहीच नाही.

ती वळली.

“अगं, कुठे चाललीस? आधी आपण घरी बोलू या ना,” तो हलक्या आवाजात म्हणाला.

“घरी तू मला नक्की म्हणाला होतास,” ती म्हणाली. “आता मी विचारत नाहीये तुला. यायचं असेल तर ये.”

तिने दार वाजवलं आणि आतून आवाज यायची वाट न बघता उघडलं. साहेब फोन हातात घेऊन नंबर शोधत होते. हसऱ्या डॉक्टरवाल्यांचाच असणार. मागे पॅसेजमध्ये पावलं वाजतायत का हे तिने ऐकलं. वाजली नाहीत.

“साहेब, तो फोन नंतर,” ती म्हणाली. “आधी श्वासयंत्राच्या इमारतीत लावा आणि त्यांची यंत्रं अडवा. बाकीचं मी फोन लागेपर्यंत सांगते.”